स्तनातील पाण्याच्या गाठी, गर्भाशयातील फायब्रॉइड आणि हाताने केले जाणारे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात ओटीपोटाच्या किंवा छातीच्या दुखण्यासाठी येणाऱ्या बहुतेक स्त्रिया कापडी पिशवीत सोनोग्राफीचे दोन-तीन जुने रिपोर्ट घेऊन येतात आणि खुर्चीत नीट बसण्याआधीच विचारतात, "मालिशने ही गाठ जाईल ना?" या एका प्रश्नाला लागून आणखी बरेच प्रश्न येतात. तेच येथे उत्तरांसह दिले आहेत. मी स्वतः हाताने उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे या उपचारांची बाजू घेणे मला सोयीचे आहे, हे लक्षात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

स्तनातील सिस्ट आणि गर्भाशयातील फायब्रॉइड या एकाच जातीच्या गाठी आहेत का?

नाहीत. घरोघरी बायका "पाण्याची गाठ" आणि "मांसाची गाठ" असा जो भेद करतात तो येथे अगदी बरोबर लागू पडतो. स्तनातील साधी सिस्ट म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या टोकाशी तयार झालेली, पातळ आवरणाची, द्रवाने भरलेली पिशवी होय. ती बहुधा ३५ ते ५० या वयात आढळते, पाळीच्या आधी फुगते व दुखते, पाळी येऊन गेल्यावर पुष्कळदा उतरते, आणि पाळी कायमची थांबल्यावर, बाहेरून हॉर्मोनच्या गोळ्या चालू नसतील तर, सहसा नव्याने होत नाही.

फायब्रॉइड मात्र घन असतो. गर्भाशयाच्या भिंतीतील स्नायूंच्या एकाच पेशीपासून त्याची वाढ सुरू होते आणि वाढता वाढता त्याच्यात कोलॅजनसारख्या तंतूंचा चिवट साठा होतो, म्हणूनच शस्त्रक्रियेत काढलेला फायब्रॉइड हाताला रबरी चेंडूसारखा टणक लागतो. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनांवर तो पोसला जातो आणि पाळी थांबल्यावर बहुधा आक्रसतो. तो अत्यंत सामान्य आहे. अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध पाहणीत पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गोऱ्या आणि ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये फायब्रॉइड आढळण्याची शक्यता दिसून आली. त्यांपैकी कित्येकींना त्याचा काहीही त्रास नव्हता. तेव्हा रिपोर्टमध्ये फायब्रॉइड हा शब्द दिसला म्हणजे लगेच काही करायलाच हवे, असे नाही.

मालिश, मायोफॅशियल रिलीज (स्नायूंवरील आवरणाला हळूहळू ताण देणे) किंवा पोट चोळणे यांनी फायब्रॉइड विरघळतो का?

नाही. हे उत्तर मी रोज देते आणि रोज समोरच्या चेहऱ्यावरची निराशा पाहते, म्हणून त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगते.

आपल्या भाषेत "गाठ" हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरला जातो. दोरीला गाठ बसते, मानेच्या स्नायूत गाठ येते आणि गर्भाशयातही गाठ होते. पहिली बोटांनी सुटते. दुसरी, म्हणजे सतत आखडलेल्या स्नायूचा तो दुखरा पट्टा, योग्य दाबाने व ताणाने खरोखरच सैल होतो, आणि आमच्या व्यवसायाचा बराचसा भाग त्यावरच चालतो. तिसरी मात्र आखडलेला स्नायू नसते. तिच्यात नव्याने वाढलेल्या पेशी आणि त्यांनी विणलेले तंतू असतात. त्या वाढीमागे पेशीच्या जनुकांत झालेले बदल असतात आणि सुमारे ७० टक्के फायब्रॉइडांत असा बदल एका विशिष्ट जनुकात सापडतो. बाहेरून दिलेल्या दाबाने जनुक बदलत नाही आणि कोलॅजनही वितळत नाही. "गाठ मोकळी केली" हे वाक्य ऐकताना बोलणारा यांपैकी कोणत्या गाठीविषयी बोलत आहे हे विचारून घेतले तर अर्धा गोंधळ तेथेच मिटतो.

दुसरी अडचण पोहोचण्याची आहे. नेहमीच्या आकाराचे गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत, मूत्राशयाच्या मागे असते. डॉक्टर गर्भाशयाचा आकार गरोदरपणाच्या आठवड्यांत सांगतात. साधारण बारा आठवड्यांएवढे झाल्यावर ते जांघेच्या मधल्या हाडाच्या वर हाताला लागू लागते आणि वीस आठवड्यांच्या सुमारास बेंबीपर्यंत येते. त्यामुळे तीन सेंटिमीटरचा फायब्रॉइड "हाताला लागला आणि फोडला" असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या हाताला आतडे लागले असण्याची शक्यता अधिक आहे.

मग माझ्या नणंदेची गाठ तीन महिन्यांच्या मालिशनंतर खरेच लहान झाली, ते कसे?

लहान झाली असेल. त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. ती मालिशमुळे लहान झाली का, हा प्रश्न वेगळा आहे.

फायब्रॉइड आपल्या मर्जीने वाढतात व घटतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२ स्त्रियांच्या २६२ फायब्रॉइडांचे वारंवार एमआरआय काढण्यात आले. सहा महिन्यांतील वाढीचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ९ टक्के होता, परंतु काही फायब्रॉइड दुपटीहून मोठे झाले, तर काही ८९ टक्क्यांपर्यंत घटले. सुमारे ७ टक्के फायब्रॉइड २० टक्क्यांहून अधिक लहान झाले. एकाच स्त्रीच्या गर्भाशयातील दोन फायब्रॉइडही निरनिराळ्या गतीने चालताना दिसले. अशा घटत्या फायब्रॉइडच्या मालकिणीने त्याच काळात मालिश लावली असेल, तर श्रेय मालिशवालीला मिळणे ओघानेच आले.

मोजमापाचीही एक गंमत आहे. जानेवारीच्या रिपोर्टमध्ये ४.४ सेंटिमीटर आणि एप्रिलच्या रिपोर्टमध्ये ४.० सेंटिमीटर लिहिलेले असेल, तर फरक फक्त चार मिलिमीटरचा आहे. मशीन बदलले, तपासणारा बदलला, किंवा प्रोब थोडा तिरका धरला गेला, तरी एवढा फरक सहज पडतो. पण हाच फरक तिन्ही बाजूंना धरून आकारमान काढले तर गाठ जवळजवळ पाव हिश्शाने घटल्यासारखी दिसते, आणि जाहिरातीत तोच आकडा छापला जातो. त्याशिवाय चाळिशीच्या शेवटी पाळी थांबत आल्याने किंवा हॉर्मोनच्या गोळ्या बंद केल्यानेही फायब्रॉइड आक्रसतो. स्तनातील सिस्टचे तर विचारायलाच नको; पाळीआधी केलेली सोनोग्राफी आणि पाळीनंतर केलेली सोनोग्राफी यांत एखादी सिस्ट दिसेनाशी होणे ही रोजची गोष्ट आहे.

'बॉडीवर्क' या नावाखाली नेमके कोणते उपचार येतात?

हा शब्द फार सैल आहे. मालिश, स्नायूंवरील आवरणाला हळूहळू ताण देणारा मायोफॅशियल रिलीज, लसिकेच्या, म्हणजे पेशींमधील जादा द्रव वाहून नेणाऱ्या रसाच्या, प्रवाहाला दिशा देणारा हलका लिम्फ ड्रेनेज, सांधे व स्नायू हाताने हलवून-दाबून केली जाणारी ऑस्टिओपॅथी, तळपायाच्या बिंदूंवर दाब देणारी रिफ्लेक्सॉलॉजी, डोक्याला व पाठीच्या खालच्या हाडाला अलगद हात लावून केली जाणारी क्रॅनिओसॅक्रल थेरपी, मध्य अमेरिकेतून आलेली पोटाची मालिश आणि आपल्याकडचा अभ्यंग अशी सरमिसळ त्यात होते. यांपैकी काहींचे शरीरशास्त्र पक्के आहे, काहींचे अजिबात नाही. तळपायाच्या एखाद्या ठिपक्याचा गर्भाशयाशी काही विशेष संबंध असल्याचे सिद्ध झालेले नाही. पाय चेपून घेतल्यावर छान झोप लागते हे मात्र सर्वांनाच ठाऊक आहे, आणि तेवढ्यासाठी ते करून घ्यायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

लिम्फ ड्रेनेजने स्तनातील सिस्ट रिकामी होते का?

होत नाही. लिम्फ ड्रेनेजची पद्धत १९३० च्या दशकात डॅनिश दांपत्य एमिल आणि एस्ट्रिड व्होडर यांनी बसवली. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्यानंतर हाताला जी सूज येते तिच्या उपचारात, दाबाचे पट्टे आणि व्यायाम यांच्या जोडीने, ती आजही वापरली जाते. पण ती सूज पेशींच्या मधल्या जागेत साठलेल्या द्रवाची असते, तर सिस्टमधील द्रव स्वतःच्या आवरणात बंद असतो. गच्चीवर तुंबलेले पाणी झाडूने नळीकडे लोटता येते. बूच लावलेल्या बाटलीतील पाणी बाटलीवरून झाडू फिरवून निघत नाही.

सिस्ट फार दुखत असेल तर ती रिकामी करण्याचा मार्ग सोपा आहे. ओपीडीतच बारीक सुईने द्रव ओढून घेतात, काही मिनिटांचे काम असते. द्रव पिवळसर किंवा हिरवट निघतो. रक्ताळलेला निघाला किंवा द्रव काढूनही गाठ उरली तर पुढील तपासणी करतात. सिस्ट पुन्हा भरू शकते, हे आधीच माहीत असलेले बरे.

स्तन दुखतो तेव्हा घरी मालिश केली तर चालेल का?

दुखऱ्या गाठीवर जोर देऊन चोळू नये. तसे केल्याने वेदना वाढते, कधी आत रक्त साकळते, आणि मार लागलेल्या चरबीत पुढे असे कठीण डाग राहू शकतात जे मॅमोग्राफीत कॅन्सरसारखे दिसतात आणि मग विनाकारण बायॉप्सीची, म्हणजे तुकडा काढून तपासण्याची, वेळ येते.

परंतु "स्तन दुखतो" म्हणून येणाऱ्या कितीतरी जणींचे दुखणे मुळात स्तनाचे नसतेच. स्तनाच्या खाली छातीचे मोठे स्नायू आणि बरगड्यांचे कूर्चांचे सांधे असतात. विरार लोकलच्या डब्यात तासभर एका हाताने वरची कडी धरून आणि दुसऱ्या खांद्यावर जड पर्स अडकवून उभे राहिले, की हेच स्नायू कुरकुरू लागतात. अशा वेळी बरगडीवर विशिष्ट जागी बोट ठेवले तर तेच दुखणे हुबेहूब उठते, हात वर नेला की वाढते, आणि पाळीच्या तारखेशी त्याचा मेळ बसत नाही. या दुखण्यावर स्नायू सैल करणारे उपचार आणि खांद्याचे व्यायाम चांगले लागू पडतात. सिस्टमुळे खरोखर स्तन जड होऊन दुखत असेल, तर नीट मापाची, आधार देणारी ब्रा दिवसा व गरज पडल्यास रात्रीही घालणे आणि वेदनाशामक जेल डॉक्टरांना विचारून लावणे यांचा उपयोग महागड्या मालिशीपेक्षा अधिक होतो. चहा-कॉफी सोडल्याने सिस्ट जातात याला भक्कम पुरावा नाही. सोडून बरे वाटत असेल तर जरूर सोडावी.

मग फायब्रॉइड असलेल्या स्त्रीला या उपचारांचा काहीच उपयोग नाही का?

उपयोग आहे, आणि मी तो रोज पाहते. फक्त गाठीचा हिशेब आणि त्रासाचा हिशेब वेगवेगळ्या वहीत लिहायला हवा.

वर्षानुवर्षे पाळीत कळा सोसणारी स्त्री नकळत पोट, मांड्या आणि ओटीपोटाचा तळ आवळून धरू लागते. पुढे पाळी नसतानाही तो आवळ सुटत नाही. कंबर धरते, बसून उठताना जांघेत चमक येते, शरीरसंबंध दुखतो, लघवी साफ होत नाही असे वाटते. या दुखण्याला सुरुवात फायब्रॉइडने करून दिली असेल, पण आता ते स्नायूंचे दुखणे झालेले असते आणि ते हाताने कमी होऊ शकते. ओळखण्याची एक साधी रीत आहे. रुग्णाला उताणे झोपवून दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचे आणि डोके व खांदे किंचित उचलायला सांगायचे. पोटाच्या स्नायूंनी बोटाला आडवे येऊनही दुखणे तसेच राहिले किंवा वाढले, तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतच आहे. कमी झाले, तर कारण आत शोधायचे.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी काही वेळा योनिमार्गातून करावी लागते. ती स्त्री फिजिओथेरपिस्टने, हातमोजे घालून, आधी समजावून सांगून आणि स्पष्ट संमती घेऊनच करायची असते. तुम्ही सोबत कोणाला तरी बसवू शकता, मध्येच थांबवू शकता, किंवा सरळ नाही म्हणू शकता. नाही म्हटल्याने उपचार अडत नाहीत. श्वासाचे आणि स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम बाहेरूनही शिकवता येतात. झोप सुधारणे आणि भीती कमी होणे हाही फायदा खराच आहे. गाठ तेवढीच असूनही "आता ती माझ्या डोक्यात नसते" असे एका बाईंनी मला सांगितले होते.

मात्र गाठीच्या प्रत्यक्ष दाबामुळे दर तासाला लघवीला जावे लागत असेल, किंवा आतल्या अस्तराखालच्या फायब्रॉइडमुळे अंगावरून फार जात असेल, तर तेथे हाताचा उपयोग नाही.

नाभी सरकल्यामुळे गाठी होतात असे सांगून पोट चोळून देणाऱ्या बाईंकडे जावे का?

नाभी सरकण्याशी फायब्रॉइडचा संबंध नाही. बाळंतिणीला अंग चोळून देणाऱ्या बायकांच्या हातातील कसब मी कमी लेखत नाही, त्यांच्याकडून मी स्वतः शिकले आहे. पण बाळंतपणानंतरचे पोट आणि फायब्रॉइड असलेले पोट यांना एकच दाब चालत नाही. तांब्या लावून किंवा मुठीने खोल रगडून घेणे टाळावे.

एरंडेल तेलाच्या पट्ट्यांनी गाठ विरघळते का?

विरघळत नाही. कापडाची घडी कोमट एरंडेलात भिजवून ओटीपोटावर ठेवली आणि वर गरम पाण्याची पिशवी धरली की बरे वाटते, पण त्यातील काम बहुतांशी शेकाचे असते. अंगावरून फार जात असताना शेक टाळावा आणि त्वचा भाजणार नाही याची काळजी घ्यावी. पोटातून एरंडेल घेण्याचा या गाठींशी काहीही संबंध नाही, आणि गरोदरपणात तर ते घेऊच नये.

अ‍ॅक्युपंक्चरविषयी काय म्हणाल?

वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये फायब्रॉइडवरील अ‍ॅक्युपंक्चरचा आढावा घेतला, तेव्हा निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. पाळीतील वेदनेसाठी काही जणींना त्याने आराम पडतो. करून घ्यायचेच असेल तर नव्या, एकदाच वापरायच्या सुया समोर पाकिटातून काढायला सांगाव्यात.

योगासने करू शकते का?

अवश्य. मुंबईला यासाठी लांब जावे लागत नाही. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून काम करत आहे आणि कैवल्यधामचे केंद्र मरीन ड्राइव्हवर आहे. आसनांनी गाठ लहान होत नाही, परंतु कंबर, श्वास आणि मन यांना फायदा होतो. गर्भाशय फार मोठे झालेले असेल तर पोटावर पूर्ण भार येणारी भुजंगासन-धनुरासनासारखी आसने सोसत नाहीत. बद्धकोनासन, मार्जारासन आणि शवासन बहुतेकींना सोसतात. हिमोग्लोबिन खूप उतरलेले असेल तर आधी ते भरून काढावे, नाहीतर उभ्या आसनांत चक्कर येते.

कोणत्या स्थितीत पोटाला खोल मालिश अजिबात करून घेऊ नये?

गरोदरपणात किंवा गरोदर असण्याची शंका असताना, पाळीत रक्तस्राव जोरात असताना आणि ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा ताप असताना करून घेऊ नये. कॉपर टी बसवलेली असेल तर उपचार करणाऱ्याला आधी सांगावे. शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकांनी परवानगी देईपर्यंत थांबावे. देठ असलेला फायब्रॉइड रिपोर्टमध्ये लिहिलेला असेल तर अधिक जपावे, कारण असा फायब्रॉइड देठाभोवती पिळला जाऊ शकतो आणि मग अचानक तीव्र पोटदुखी व उलट्या होतात. गरोदरपणात फायब्रॉइडचा रक्तपुरवठा अपुरा पडूनही अशीच जबर वेदना होते. दोन्ही वेळी मालिशवालीला बोलावण्यात वेळ न घालवता रुग्णालयात जावे.

एक धोका सहसा कोणी सांगत नाही. फार मोठे गर्भाशय ओटीपोटातील शिरांवर दाब देते आणि त्यामुळे पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली, तर तो पाय कोणालाही चोळू देऊ नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते.

माझी गाठ कॅन्सरची नाही, हे हाताने कळते का?

नाही. हाताने गाठ सापडते. ती कसली आहे हे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी सांगते. सापडण्याचे महत्त्व मात्र थोडे नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे मुंबईतील वस्त्यांमधून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटाची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तींनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. त्या गटात कॅन्सर अधिक लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. हाताने उपचार करणाऱ्या आम्हा सगळ्यांनी या अभ्यासातून एवढे तरी घ्यावे, की बोटांना नवी गाठ लागली तर ती चोळायची नाही, पुढे पाठवायची.

स्तनाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बाय-रॅड्स असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो; गाठ कितपत संशयास्पद आहे याचा तो वर्ग असतो. साधी सिस्ट दुसऱ्या वर्गात येते आणि ती निरुपद्रवी असते. तिसऱ्या वर्गात बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. चौथा किंवा पाचवा वर्ग असेल, म्हणजे उदाहरणार्थ सिस्टच्या आत घन भाग दिसत असेल, तर बायॉप्सी होईपर्यंत दुसरा कोणताही उपचार सुरू करू नये. त्वचेला खळी पडणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे किंवा काखेत गाठ लागणे ही लक्षणे असतील तर रिपोर्टचीही वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. फायब्रॉइडच्या जागी कॅन्सर निघणे दुर्मीळ आहे. तरी पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्तस्राव झाला किंवा गाठ वाढू लागली, तर तपासणी टाळू नये.

मी आणखी सहा महिने मालिश करून पाहू का?

गाठीचे निदान झालेले असेल, त्रास बेताचा असेल आणि हिमोग्लोबिन चांगले असेल, तर सहा महिने थांबण्यात सहसा नुकसान नाही, मालिश करा अथवा करू नका. पण अंगावरून फार जात असेल तर थांबू नये. "फार" म्हणजे किती, याबाबत आपल्याकडे संकोचाने कोणी मोकळेपणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडणे, रात्री उठून चादर बदलावी लागणे किंवा पाळी सात दिवसांहून अधिक चालणे म्हणजे फार.

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय मानतात, आणि ८ च्या खाली गेले तर तीव्र रक्तक्षय. काही वर्षांपूर्वी एक बाई जिना चढून आमच्या दारात येऊन भिंतीला टेकल्या आणि दोन मिनिटे बोलूच शकल्या नाहीत. दहा महिने त्या एका केंद्रात दर आठवड्याला पोटाची मालिश घेत होत्या. त्यांच्या नखांचा रंग कागदासारखा पांढरा होता, आणि त्या दहा महिन्यांत त्यांच्या रक्ताची एकही तपासणी कोणी करायला सांगितलेली नव्हती. हिमोग्लोबिन सहाच्या आत निघाले. त्या केंद्रात त्यांना कोणी खोल दाब देऊन इजा केली नव्हती. मालिश म्हणे फारच हलक्या हाताची आणि सुखाची होती.

डॉक्टरांनी पिशवी (गर्भाशय) काढायला सांगितली आहे. त्याची भीती वाटते म्हणून मी हे उपचार शोधते आहे.

ही भीती रास्त आहे. पण मालिश आणि पिशवी काढणे यांच्या मध्ये बरेच पर्याय आहेत, आणि ते तुम्हाला कोणी सांगितले नसतील तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे हॉर्मोनयुक्त साधन, गाठ काही काळ आक्रसवणारी औषधे, फक्त फायब्रॉइड काढण्याची शस्त्रक्रिया, फायब्रॉइडच्या रक्तवाहिन्या आतून बंद करण्याची पद्धत, जिचा फायब्रॉइडसाठीचा वापर १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी प्रथम प्रसिद्ध केला, आणि ध्वनिलहरी एका बिंदूवर केंद्रित करून गाठ तापवण्याची पद्धत, यांपैकी काय चालेल हे गाठीच्या जागेवर, तुमच्या वयावर आणि पुढे मूल हवे आहे का यावर ठरते. परळचे केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह, सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय, फोर्टजवळचे कामा रुग्णालय येथे स्त्रीरोग विभाग आहेत. खासगी सल्ला परवडत नसेल तर तेथील ओपीडीत सकाळी लवकर पोहोचावे आणि डबा सोबत ठेवावा, कारण रांग मोठी असते.

उपचार करणारी व्यक्ती योग्य आहे, हे कसे ओळखावे?

फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्रात फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीच्या राज्य परिषदेकडे असते आणि अ‍ॅक्युपंक्चरसाठीही राज्याचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. मालिश करणाऱ्यांसाठी तशी सोय नाही; तेथे त्यांचे बोलणे ऐकून ठरवावे लागते. जी व्यक्ती रिपोर्ट न पाहता हात लावते, डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगते, वीस बैठकांचे पैसे आधी मागते किंवा नाव नसलेली पूड डबीत भरून देते, तिच्याकडून उठून यावे.

"ऑपरेशनशिवाय गाठ गायब" अशा जाहिराती कायदेशीर आहेत का?

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात अशा आजारांची यादी आहे ज्यांवर औषध किंवा चमत्कारी उपाय लागू पडतो अशी जाहिरात करता येत नाही. त्या यादीत गर्भाशयाचे विकार, पाळीच्या तक्रारी, कॅन्सर आणि गाठी यांचा समावेश आहे. नुसत्या मालिशीची जाहिरात त्या कात्रीत नेमकी सापडेलच असे नाही, आणि पत्रकांवरची भाषा बहुधा तेवढी फट ठेवूनच लिहिलेली असते.

पहिल्या भेटीला येताना काय आणावे?

सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणावेत, "नॉर्मल" म्हणून बाजूला ठेवलेलेसुद्धा. गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि रोजच्या पॅडची संख्या कागदावर लिहून आणावी. पुढची सोनोग्राफी करायची असेल तर शक्यतो त्याच केंद्रात आणि स्तनाची असेल तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करावी, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ राहील. सैल सलवार किंवा पायजमा घालावा आणि भरपेट जेवून येऊ नये. तपासणीआधी लघवीला जाऊन यावे. विरारहून येत असाल तर दादरला उतरल्यावर पहिले काम तेच असते, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून स्वच्छतागृह दाराशीच आहे आणि त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही.